देवळालीचा ताप

बैठक संपून बाकीचे एकेक करून निघून गेले आणि स्क्रीनवर आम्ही दोघीच उरलो. ती लीड्समधल्या तिच्या स्वयंपाकघरात, मी पुण्यात माझ्या गॅलरीलगतच्या टेबलाशी. मध्यंतरी ती अचानक रजेवर गेली होती. आईचं काहीतरी आहे एवढंच कळलं होतं, म्हणून मी विचारलं, आई कशी आहे आता? तिनं कपाळावरचे केस मागे सारले, हसली, आणि म्हणाली, तशी ठणठणीत आहे, पण अलीकडे जरा डूलॅली झालीय. चष्मा फ्रिजमध्ये ठेवते, टीव्हीवरच्या बातमीदाराला उत्तरं देते, पहाटे उठून शाळेत जायची तयारी करते. 'डूलॅली' म्हणताना तिनं बोट कानशिलापाशी नेऊन हलकेच फिरवलं. वेड म्हणवत नाही पण वेडच म्हणायचं असतं, तेव्हा आपणही अशीच खूण करतो. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. माया होती, आणि पुष्कळसा थकवा. मी तिच्या आईबद्दल आणखी दोन शब्द बोलले, पण मन त्या एका उच्चारापाशी अडकून पडलं होतं. शेवटी विचारलंच, हा शब्द आला कुठून, माहीत आहे का? ती म्हणाली, आयरिश असेल बहुधा.

देवळाली माझं आजोळ.

नाशिककरांना सांगायला नको, पण देवळाली दोन आहेत. नाशिकरोड स्टेशनाजवळचं ते देवळालीगाव, आणि पुढं भगूरच्या वाटेवर आहे तो कॅम्प. कॅम्पातली माणसं स्वतःला नुसतं 'कॅम्पातले' म्हणवतात. आजोबा तिथं मिलिटरीच्या हिशेबखात्यात कारकून होते आणि निवृत्तीनंतरही त्यांना दुसरीकडं कुठं राहवलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मावस-मामे भावंडं तिथं जमायचो. रुंद, सरळ, झाडांनी झाकलेले रस्ते, दगडी कुंपणांच्या आत खोल दडलेले बंगले, पारशी आणि गुजराती मंडळींची आरोग्यभुवनं, त्यांच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेली पांढऱ्या सदऱ्यातली माणसं. संध्याकाळी वाळलेल्या गवताचा आणि कुठूनतरी भाजल्या जाणाऱ्या पावाचा वास एकत्र यायचा. सकाळी तोफखान्याच्या सरावाचे धमाके सुरू झाले की खिडक्यांची तावदानं थरथरत. आम्ही पहिल्या दिवशी दचकायचो, दुसऱ्या दिवसापासून भात कालवताना मानही वर करायचो नाही. आजी म्हणायची, तोफेचा आवाज आला नाही त्या दिवशी मला चुकल्यासारखं होतं.

आणि हवा. कॅम्पाची हवा हा आमच्याकडं जवळजवळ औषधाच्या बाटलीवर लिहावा तसा विषय होता. मुंबईतल्या कुणाची छाती कमजोर झाली, कुणी टायफॉइडातून उठलं, कुणाचं बाळंतपण अवघड गेलं, की डॉक्टर सांगत, महिनाभर देवळालीला जाऊन राहा. आमच्या घरासमोरच्या आरोग्यभुवनात अशी माणसं येत, सुरुवातीला काठी टेकत चालत आणि जाताना काठी हातात नुसती धरून जात. माझ्या लेखी देवळाली हे बरं होण्याच्या जागेचं नाव. म्हणून त्या दिवशी ते नाव कानशिलाशी फिरणाऱ्या बोटासोबत ऐकलं तेव्हा नेमकं काय वाटलं ते लवकर सांगता येईना. आपल्या गावाचं नाव इंग्रजीच्या शब्दकोशात आहे याचा एक भाबडा आनंद होता. तो खोटा नव्हता. पण त्याच्या खाली काहीतरी टोचत होतं.

शब्दाची गोष्ट अशी आहे. ब्रिटिशांनी देवळालीची छावणी उभी केली १८६१ साली. सत्तावन्नच्या उठावानंतरचा तो काळ, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलेलं, आणि हिंदुस्थानात गोऱ्या पलटणींची संख्या मुद्दाम वाढवून ठेवलेली. थळ घाटातून रेल्वे वर यायला १८६५ उजाडलं. मग मुंबई बंदर आणि देवळाली यांचं नातं पक्कं झालं. विलायतेहून नव्यानं आलेले शिपाई मुंबईला उतरत आणि इथं काही दिवस या देशाच्या हवापाण्याची सवय करून पुढं आपापल्या पलटणीकडं जात. आणि ज्यांची मुदत भरली ते मुलतानहून, झाशीहून, रावळपिंडीहून इथंच गोळा होत. परतीच्या जहाजाची वाट बघत.

वाट बघणं हाच या शब्दाचा गाभा आहे. सैनिकांची जहाजं वर्षभर सुटत नसत. तांबड्या समुद्रातला उन्हाळा टाळायचा म्हणून नोव्हेंबर ते मार्च एवढाच हंगाम. मार्चचं शेवटचं जहाज गेलं आणि तुमची मुदत त्यानंतर भरली, तर पुढच्या नोव्हेंबरापर्यंत बसा. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला होता, पण त्या तीन-चार आठवड्यांसाठी सहा-सात महिने काढायचे. बंदूक जमा झालेली. कवायत जवळजवळ नाही. अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित एखादी लांबची चाल, बाकी दिवस मोकळा. वर्षानुवर्षं बिगुलाच्या तालावर उठलेल्या, जेवलेल्या, झोपलेल्या माणसाला एकदम कुणी काही सांगेनासं होतं. दारू मिळते, बाजार जवळ आहे, डासांना तोटा नाही. पत्रं येतात ती महिन्याभरापूर्वीची. घरी पोचून काय करायचं याचा विचार करायला वेळच वेळ, आणि त्या विचाराचं उत्तर बहुतेकांकडं नसतं, कारण ते निघाले तेव्हा पोरसवदा होते आणि आता त्यांना कवायतीखेरीज काही येत नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायानं हे लिहून ठेवलंय. वेल्समधल्या ब्लेनाचा, कोळशाच्या खाणीत काम केलेला पोरगा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात शिपाईगिरी करून गेला, आणि १९३६ साली त्याच्या त्या दिवसांच्या आठवणी छापून आल्या. त्यात तो सांगतो की देवळालीत मुदत भरलेल्या माणसांच्या हाताला काम नसे, आणि ज्यांच्या नावावर सबंध नोकरीत एक डाग नव्हता अशी माणसंही तिथं काहीतरी भलतंच करून बसत, तुरुंगात जात, नाहीतर बाहेरचा रोग घेऊन इस्पितळात पडत. कुणी विचित्र वागायला लागला की बाकीचे म्हणत, याला देवळालीचा ताप चढलाय. छावणीतल्या कंटाळ्यानं माणसांची जी गत होई त्यातूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असं त्याचं मत. तो इतिहासकार नव्हता. पण ज्यानं त्या छावणीचे दिवस पाहिले त्याचं मत मला चार कोशांपेक्षा जवळचं वाटतं.

कुठं कुठं लिहिलेलं आढळतं की देवळालीला उन्हाळा भयंकर, त्यानं सैनिकांची डोकी फिरत. हे मला मुळीच पटत नाही. मी ते उन्हाळे काढलेत. पाचशे मीटरहून उंचावरची ती जागा, मे महिन्यातही रात्री चादर घ्यावी लागे. ज्यांनी मुलतानचा आणि झाशीचा उन्हाळा वर्षानुवर्षं अंगावर काढला त्यांचं डोकं देवळालीच्या उन्हानं फिरेल? दुसरी समजूत अशी की तिथं वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं म्हणून हे नाव पडलं. आजारी सैनिक तिथं होते, मनानं खचलेलेही होते, कारण त्यांनाही जहाजाचीच वाट बघायची होती. पण मनोरुग्ण ठरलेल्या सैनिकांचं ठरलेलं ठिकाण होतं ते तिकडं, साऊथॅम्प्टनजवळच्या नेटलीला. तिथल्या लष्करी इस्पितळात १८७० पासून त्यांच्यासाठी वेगळी इमारत होती. वेडासाठी जगभर नावाजली गेली ती मात्र देवळाली.

आणि 'ताप'. शिपायांच्या तोंडी पूर्ण शब्द होता 'डूलॅली टॅप'. १९२५ मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश छापला त्यात तो तसाच आहे. हा टॅप म्हणजे हिंदुस्थानीतला तप, फारसीतून आलेला, अर्थ ज्वर. फारसीतला तप आणि संस्कृतातला ताप ही दोन्ही एकाच मुळाची भावंडं, त्यामुळं छावणीत पाणी आणणारा भिस्ती उत्तरेचा असो की कपडे नेणारा परीट भगूरचा असो, दोघांचाही शब्द गोऱ्याच्या कानाला सारखाच लागला असणार. मराठी कानाला तर यात समजावून सांगण्यासारखं काही उरतच नाही. ताप म्हणजे अंगातला आणि ताप म्हणजे डोक्याचा, दोन्ही एकाच श्वासात येतात. 'डोक्याला ताप' म्हणताना थर्मामीटर कुणाच्या मनात असतो? पण इंग्रज घरी गेल्यावर या शब्दाचं काय झालं? तिथं टॅप म्हणजे टिचकी, टकटक. डोक्यावर टिचकी बसून माणूस हलला असा काहीतरी अर्थ लागत राहिला असेल. पुढं टॅप गळून पडला. राहिली नुसती देवळाली, तीही लहान लिपीतली, कारण हे गावाचं नाव आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

हे वाचत असताना मला त्या शिपायांच्या बोलीतले आणखी शब्द भेटत गेले आणि मी त्यांत रमले. पावाला ते रूटी म्हणत, आपली रोटी. दीर्घ सेवेचं पदक मिळालं की त्याला म्हणत रूटी गाँग, म्हणजे इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ल्याचा बिल्ला. फुकट मिळालेलं ते बक्शी, बक्षीस. बघून घे म्हणायचं तर डेको, देखो. चहा तो चार. जल्दी ती जिल्डी. ओझं वाहणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या, घोड्यांना खरारा करणाऱ्या माणसांशी रोज बोलायला लागणारे हे शब्द. पोट, घाई, फुकट, बघ. साम्राज्याची मोठमोठी भाषणं वेगळ्या इंग्रजीत होत होती, आणि बराकीतली इंग्रजी ही अशी आपल्या पाणवठ्यावरून पाणी भरून नेत होती.

त्यातला सगळ्यात मोठा शब्द ब्लायटी. विलायती. मूळ अरबी विलायत, म्हणजे प्रांत, मुलूख. आपल्याकडं येऊन ती झाली परमुलूख, साहेबाचा देश. विलायती चिंच, विलायती दारू, विलायती सोडावॉटर. हा शब्द गोऱ्या शिपायांनी उचलला आणि त्याचा अर्थ केला घर. आपलं घर, आपला देश, जिथं परत जायचं ते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांमध्ये तर तो सगळ्यांच्या तोंडी झाला. मायदेशी पाठवावं लागेल इतपत मोठी, पण जीव जाणार नाही इतपत लहान जखम झाली तर ती 'ब्लायटी', आणि ती मिळावी म्हणून माणसं देवाची प्रार्थना करत. मला या जोडीचं फार आश्चर्य वाटतं. घराला त्यांनी आपल्या तोंडचा शब्द घेतला, आणि घराच्या उंबऱ्याशी पोचून अडकून पडण्यालाही आपल्याच गावाचा. दोन्ही टोकं इथली. ब्लायटी आता फारसं कुणी बोलत नाही, बोललं तरी जुन्या काळची गंमत म्हणून. डूलॅली टिकलं.

त्यांच्याबद्दल मला दया वाटावी का, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस घोळवला. ती राज्यकर्त्यांची फौज होती. हिंदी नोकरांना बराकीत कशी वागणूक मिळे, लाथाबुक्क्यांसह, ते रिचर्ड्सच आडपडदा न ठेवता सांगतो. छावणीच्या पलीकडं भगूर आहे. १८८३ मध्ये तिथं सावरकरांचा जन्म झाला, आणि त्या वर्षीही उन्हाळ्यात शेकडो गोरे शिपाई इकडं नोव्हेंबराची वाट बघत लोळत असतील. या दोन गोष्टी मनात शेजारी ठेवल्या की दया करायला कचरायला होतं. पण मग तो वेल्सच्या खाणीतला मुलगा डोळ्यांसमोर येतो. त्याला इथं येण्याआधी हिंदुस्थान नकाशात दाखवता आला नसता. सरकारनं त्याला ठेवून घेतलं, वापरलं, आणि काम संपल्यावर एका माळावर आणून सोडलं, जहाज येईल तेव्हा ये म्हणून. माझ्या मनात दोन्ही आहेत, आणि एकानं दुसऱ्याला पुसून टाकावं असं मला वाटत नाही.

एक मात्र खरं, की अशा शब्दांच्या बाबतीत आपणही मागं नाही. पुण्यात कुणी तर्हेवाईक वागलं की सहज तोंडातून जातं, याला येरवड्याला पाठवा. मुंबईकडं म्हणतात, ठाण्याला भरती करा. नागपूरकरांचं नागपुरात, कोकणातल्यांचं रत्नागिरीत. लंडनमध्ये तर हा प्रकार फार जुना. १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेम मठातून पुढं वेड्यांचं इस्पितळ झालं आणि त्या नावाचा अपभ्रंश होऊन 'बेडलम' म्हणजे नुसता गोंधळ, आरडाओरडा असा अर्थ रूढ झाला. बेथलेम म्हणजे येशूचं जन्मगाव. गावाच्या नावानं वेड ओळखायची ही खोड सगळीकडचीच. पण ठाण्याला निदान इस्पितळ आहे, तिथं डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, बरी होऊन घरी गेलेली माणसं आहेत. माझी एक मैत्रीण ठाण्यात त्या इस्पितळाच्या भिंतीलगतच्या वसाहतीत वाढली. शाळेच्या सहलीत पत्ता सांगितला की बस हसायची, ते तिला अजून लागतं. देवळालीकरांच्या वाट्याला तेवढंही आलेलं नाही, कारण त्यांच्यावर हसणारे सात समुद्रांपलीकडं आहेत आणि हसणाऱ्यांनाही ठाऊक नाही की कुणाच्या नावावर हसतोय.

माझी आजी शेवटची काही वर्षं अशीच होती. तेव्हा आम्हाला आजाराचं नाव ठाऊक नव्हतं. शेजारपाजारचे म्हातारचळ म्हणायचे, मामी नुसतं 'त्यांचं हल्ली असंच चालतं' म्हणायची. दिवस बरा जायचा. तिन्हीसांजा झाल्या की आजी उठायची आणि पिशवी भरायला घ्यायची. एक नेसूचं, कुंकवाचा करंडा, नातवंडांसाठी म्हणून मूठभर शेंगदाणे, देवापुढची घंटा. मग ओट्यावर येऊन बसायची आणि विचारायची, टांगा आला का गं? सिन्नर तालुक्यातल्या तिच्या माहेरी जायचं असायचं तिला. तिथलं घर पडून पंचवीस-तीस वर्षं झाली होती, भाऊ गेले होते. सुरुवातीला मामा तिला समजावून सांगायचा, आई, अगं तिथं आता कुणी नाही. मग ती रडायची, जणू त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मामानं ते सोडून दिलं. तो तिच्याशेजारी ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, आजची गाडी चुकली गं आई, उद्याची धरू. ती मान डोलवायची. ठीक आहे म्हणून पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायची, पार जेवायची हाक येईपर्यंत.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला हे बघवायचं नाही. मी आत जाऊन बसायचे. आज जे वाचलंय त्यानंतर मला तो ओटा वेगळा दिसतो. त्याच कॅम्पात, फार तर मैलभर अंतरावर, कितीतरी माणसं सामान बांधून अशीच बसली होती आणि कुणीतरी त्यांना सांगत होतं, आजचं गेलं, पुढच्याची वाट बघा. त्यातल्या कुणाकुणाचं मनही कुठल्यातरी पडलेल्या घराकडंच ओढ घेत असेल. आजीच्या डोक्यात बिघाड होता आणि त्यांच्या डोक्यात नव्हता, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही. पण शेजाऱ्यांना जे दिसलं ते दोन्हीकडं सारखंच. घरी जायचंय म्हणणारं माणूस, आणि त्याला हसावं की काय करावं ते न कळणारे भोवतालचे.

पहिल्या महायुद्धात देवळालीची छावणी इस्पितळांनी भरून गेली. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जखमी आणि त्याहून जास्त आजारी सैनिक मुंबईला उतरत आणि आगगाडीनं वर आणले जात. कॉलरा, आमांश, उष्माघात, हिवताप. हवा चांगली म्हणूनच ही जागा निवडलेली, पुढं मुंबईच्या डॉक्टरांनी ज्या कारणासाठी निवडली तेच कारण. बरेच बरे झाले. काही इथल्याच मातीत राहिले. पुण्याजवळ खडकीला युद्धस्मारक आहे, तिथं पहिल्या महायुद्धाच्या काळात या देशात मेलेल्या आणि ज्यांची थडगी आता सांभाळता येत नाहीत अशा अठराशेहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. मी एका रविवारी सकाळी तिथं गेले होते. गवत नीट कापलेलं, माळी पाइपानं पाणी घालत होता, बाहेर रस्त्यावर मिसळीच्या हॉटेलाशी रांग. नावं वाचत गेले. पलटण, हुद्दा, नाव. कोण कुठल्या छावणीत गेला ते दगड सांगत नाही. मी प्रत्येक नावाशी मनात देवळाली लावून बघत होते, उगाच, आणि बराच वेळ तिथून पाय निघाला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीही छावणी गजबजलेलीच होती. त्या काळावर बीबीसीनं १९७४ ते १९८१ एक विनोदी मालिका चालवली, ती या देवळालीतल्या तोफखान्याच्या तळावरच्या करमणूक पथकाची गोष्ट सांगते. तिच्या दोन लेखकांपैकी एकजण, जिमी पेरी, खरोखरच तरुणपणी देवळालीत त्या पथकात होता. म्हणजे सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या दिवाणखान्यांतून देवळालीचं नाव हसण्याच्या गजरात पुन्हा ऐकू येत होतं. तोवर शब्दाची धार गेली होती. आता नातवाच्या प्रेमात आजी डूलॅली होते, फुटबॉलचा सामना जिंकला की सगळं गाव डूलॅली होतं, किल्ल्या हरवल्या की माणूस स्वतःलाच डूलॅली म्हणतो. आणि लीड्समधली माझी सहकारी तिच्या आईबद्दल बोलताना त्याच शब्दाचा आधार घेते, कारण डॉक्टरनं लिहून दिलेला शब्द तिला अजून तोंडात घ्यायचा नाही. या वापरावर रागावणं मला जमत नाही. आम्हाला आजीच्या वेळी असा एखादा मऊ शब्द मिळाला असता तर बरं झालं असतं, असंही वाटतं.

पुढं एकदा मी तिला सगळं सांगितलं. गाव आहे म्हणून, माझं आजोळ आहे म्हणून, जहाजांबद्दल, नोव्हेंबरबद्दल. ती गप्प झाली. मग तिनं विचारलं, तुला वाईट वाटलं का मी तो शब्द वापरला त्याचं? मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. ती म्हणाली, आईला सांगते, तिला आवडेल, तिचे वडील सैन्यात होते. दोन दिवसांनी तिचा निरोप आला की आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मिळालं का त्यांना जहाज?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा यंदा शिकायला बर्मिंगहॅमला गेला. जन्म कॅम्पातला, शाळा कॅम्पातली. वसतिगृहात ओळखीच्या वेळी त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि दोघंतिघं फिस्सकन हसले. त्याला वाटलं आपला उच्चार चुकला. रात्री त्याचा फोन आला, "मावशी, तू त्या शब्दाबद्दल काहीतरी वाचत होतीस ना? मला नीट सांग, उद्या मी त्यांना सांगणार आहे." मी सांगत गेले आणि तो मध्येमध्ये थांबवून साल विचारत होता. १८६१. १८६५. नोव्हेंबर ते मार्च. "म्हणजे ते आजारी होते की नुसते कंटाळले होते?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही आजारी होते, पुष्कळ कंटाळलेले होते, आणि घरी जायचं सगळ्यांनाच होतं. तो म्हणाला, "आणि आपले लोक? तिथं काम करणारे?" भिस्ती, परीट, आचारी, सफाईवाले, इस्पितळातले वॉर्डबॉय, त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही, मी म्हटलं, पण त्यांनी त्या माणसांना ताप आलेला बघितला आणि 'ताप' हा शब्द त्यांच्याच तोंडून गेलाय, हेही सांग. "सांगतो," तो म्हणाला, आणि मग भिस्ती म्हणजे नक्की कोण, ते विचारायला लागला.